पणजीचं बाकडं आणि वॉर्डातली तिसरी रात्र

एप्रिलमध्ये आमच्या एमबीबीएसच्या बॅचचं स्नेहसंमेलन गोव्यात झालं. पदवीला तीस वर्षं झाली म्हणून सगळे जमलो. कुणाचे केस गेले होते, कुणाच्या छातीत स्टेंट बसला होता, दोघे जण आता आपल्यात नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलातल्या गोंगाटाला कंटाळून आम्ही चौघे बाहेर पडलो. आमच्यातला एक जण गेली वीसेक वर्षं इंग्लंडात लीड्सला असतो. तो म्हणाला, "चला, तुम्हाला खरी जागा दाखवतो."

पणजीच्या जुन्या भागात, फोंतेन्हासच्या पिवळ्या-निळ्या घरांमधून तो आम्हाला एका अरुंद गल्लीत घेऊन गेला. तिथं एक तावेर्न होतं. तावेर्न म्हणजे गोव्यातला जुन्या पद्धतीचा लहानसा गुत्ता. मी त्याचं नाव देत नाही, कारण डॉक्टरनं दारूच्या जागेची जाहिरात करू नये. जेमतेम दहा माणसं मावतील एवढी खोली, दोन लाकडी बाकडी, भिंतीवर ख्रिस्ताची तसबीर आणि जुनं घड्याळ. दरवाजा रस्त्यावर सताड उघडा. जाणारे-येणारे आत डोकावून कुणाला तरी हाक मारत होते. कोपऱ्यात वेताच्या विणीत बसवलेला काचेचा मोठा बुधला होता आणि त्यात त्या मोसमातला ताजा उर्राक.

"हे म्हणजे आमच्याकडचं गल्लीतलं पब," मित्र म्हणाला. "फक्त कास्क एलच्या जागी उर्राक."

पिंपातली बिअर आणि बोंडूंचा उर्राक

कास्क एल म्हणजे काय, ते त्यानं बाकड्यावर बसून समजावलं. आपण बाटलीतून पितो ती बिअर गाळलेली असते, उष्णता देऊन टिकाऊ केलेली असते आणि तिच्यात वायू भरलेला असतो. कास्क एल कारखान्यातून पबमध्ये येते ती न गाळता, जिवंत यीस्टसह. पबच्या तळघरात साधारण बारा अंश सेल्सिअसला पिंपातच तिचं आंबणं पूर्ण होतं. मग ती हातपंपानं वर ओढून ग्लासात देतात. पिंप एकदा उघडलं की चार दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर बिअर बिघडते. म्हणून पबमालकाच्या हातगुणाला तिथं मोल असतं. मोठ्या कंपन्यांच्या टिकाऊ बिअरपुढं हा प्रकार नामशेष होईल अशी भीती वाटल्यावर १९७१मध्ये काही बिअरप्रेमींनी 'कॅमरा' नावाची संघटना काढली आणि तो वाचवला. या बिअरची तीव्रता बहुधा चार टक्क्यांच्या आसपास असते.

उर्राकची गोष्ट अशीच आहे. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. काजूची बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेली वेचतात. ती तुडवून रस काढतात, तो काही दिवस आपोआप आंबू देतात आणि मग मोठ्या भांड्यात उकळून त्याची वाफ थंड करतात. पहिल्या धारेचा तो उर्राक, तीव्रता साधारण पंधरा टक्के. पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी होते आणि तीव्रता चाळीस टक्क्यांच्या पुढं जाते. काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उर्राक मात्र फार टिकत नाही. मार्च ते मे हा त्याचा मोसम, पाऊस आला की संपला.

आम्ही एक-एक ग्लास घेतला. लिंबू-सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घातलेला. सोबत उकडलेले चणे आणि मिठात मुरवलेल्या कैऱ्या. शेजारच्या बाकड्यावर दोन निवृत्त माणसं बसली होती. तासाभरात त्यांचा एकच ग्लास झाला, गप्पा मात्र सुरूच. तिसऱ्या एकानं पुन्हा ग्लास पुढं केला, तेव्हा गल्ल्यावरचे काका शांतपणे म्हणाले, "आतां पुरो. घरा वच." तो हसला आणि खरोखरच घरी गेला.

मग कुणीतरी मोबाइल काढला. बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचा होता. मी काही विचार न करता माझा ग्लास उचलला आणि बुधल्यामागं सरकवला.

लीड्सचा मित्र मोठ्यानं हसला. "अरे, पन्नाशी उलटली तुझी. अजून लपवतोस?"

मी हसण्यावारी नेलं. पण परतीच्या गाडीत रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. मी वर्षातून दोन-चारदा घेतो, शहराबाहेर गेल्यावरच घेतो आणि कुणी पाहू नये याची काळजी घेतो. म्हणजे मीही तेच करतो, जे माझे रुग्ण करतात. आणि त्यांच्या लपवण्याचे परिणाम मी गेली कित्येक वर्षं वॉर्डात पाहत आलो आहे.

तिसरी रात्र

शासकीय रुग्णालयात काम करणाऱ्या कुठल्याही फिजिशियनला ही रात्र ओळखीची आहे. अस्थिरोग विभागातून फोन येतो. मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला चाळिशीतला माणूस. दोन दिवस ठीक होता, उद्या शस्त्रक्रिया आहे. आज रात्री अचानक सलाइन उपटून टाकतोय, अंगावर किडे फिरताहेत म्हणतोय, घामानं निथळलाय, बायकोला ओळखत नाही. नातेवाईक घाबरलेले असतात. कुणी म्हणतं मेंदूला मार लागलाय, कुणी म्हणतं बाहेरचं लागलंय.

मी केसपेपर पाहतो. त्यावर लिहिलेलं असतं, 'व्यसन : नाही.'

बायकोला विचारलं तर ती पदर सावरत सांगते, "नाही हो साहेब, ते तसलं काही करत नाहीत." मग भाऊ मला बाजूला घेऊन जिन्यापाशी येतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, "सर, रोज एक क्वार्टर. कधी दोन. दहा वर्षं झाली."

ही एका रुग्णाची गोष्ट नाही. नाव, गाव आणि मोडलेलं हाड बदलतं, जिना तोच असतो.

त्या रुग्णाच्या मेंदूत काय झालेलं असतं? मद्य मेंदूला मंदावतं. रोज मद्य मिळालं की मेंदू त्याच्याविरुद्ध सतत ॲक्सिलरेटर दाबून धरायला शिकतो. अपघातानं माणूस रुग्णालयात येतो, दारू एकदम बंद होते. ब्रेक सुटतो आणि ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होतो, नाडी आणि ताप वाढतो. याला वैद्यकात डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो.

वाईट वाटतं ते याचं, की हे बहुतेक वेळा टाळता येतं. दाखल होताना कुणी खरं सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी मेंदू शांत ठेवणारी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली असती. शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली असती. एका वाक्याची बचत केली आणि त्याची किंमत अतिदक्षता विभागात मोजली.

आता दोष फक्त नातेवाइकांचा आहे का? आम्ही विचारतो कसं, तेही पाहू. ओपीडीत टेबलाभोवती पंधरा माणसं, रुग्णाचा मुलगा शेजारी, मागं गावातलाच कुणी ओळखीचा. अशा वेळी आम्ही विचारतो, "दारू पिता का हो?" या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर आहे. आम्हालाही ते सोयीचं असतं. 'व्यसन : नाही' लिहायला दोन सेकंद लागतात.

परमिट रूमचा पडदा

गोव्यातल्या त्या उघड्या दरवाजापुढं मला आपल्याकडच्या परमिट रूम आठवल्या. काळ्या काचा, भर दुपारीही आत अंधार, दारावर जाड पडदा. ज्याला परमिट रूम परवडत नाही तो देशीच्या दुकानात उभ्या उभ्या ग्लास रिकामा करतो, मीठ चाटतो आणि तोंड पुसत बाहेर पडतो. किंवा क्वार्टर घेऊन मोटारसायकलच्या डिकीत टाकतो आणि अंधाऱ्या मैदानाच्या कडेला, प्लॅस्टिकच्या ग्लासात पाण्याची पिशवी फोडून पाच मिनिटांत संपवतो. घरी जाण्याआधी बडीशेप किंवा गुटखा. सगळा खटाटोप कुणाला कळू नये म्हणून.

'परमिट रूम' या नावामागंही गंमत आहे. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि कायद्यानं पिण्यासाठी परवाना लागतो. हा परवाना नियमांनुसार आरोग्य टिकवण्यासाठी म्हणून दिला जातो! म्हणजे कागदोपत्री दारू हे औषध आहे आणि पिणारा प्रत्येक जण रुग्ण. फक्त त्या रुग्णाला कुणी डॉक्टर कधी मात्रा विचारत नाही.

लपवण्याचा थेट परिणाम पिण्याच्या पद्धतीवर होतो. ज्याला लपवायचं आहे त्याला घाई असते. घाई असली की कमी आकारमानात जास्त नशा देणारी, म्हणजे तीव्र दारू लागते. जेवण नंतर, आधी पिणं, म्हणजे पोट रिकामं. सोबत कुणी नसतं, म्हणून 'आता पुरे, घरी जा' म्हणणारंही कुणी नसतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, मोजमाप राहत नाही. "थोडीशी घेतो", "कधी तरी", "नाइन्टी मारतो" एवढीच भाषा उरते. यकृताला ही भाषा कळत नाही. त्याला फक्त ग्रॅम कळतात.

यकृताचा हिशेब

हिशेब सोपा आहे. पेय किती मिलिलिटर, ते किती टक्के आणि त्याला ०.८ने गुणायचं, कारण मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असतो. व्हिस्की, रम यांची आपल्याकडची तीव्रता ४२.८ टक्के असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. 'नाइन्टी'त ३० ग्रॅम. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ४० ग्रॅमहून थोडे जास्त, म्हणजे चार पेग. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. इंग्लंडातल्या पाइंटभर कास्क एलमध्ये सुमारे १८ ग्रॅम आणि १०० मिलिलिटर उर्राकमध्ये १२ ग्रॅम.

यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क जाळतं. क्वार्टर निस्तरायला त्याला सहा ते आठ तास लागतात. लिंबूपाणी, ताक, कडक चहा, गार पाण्याची आंघोळ यांपैकी कशानंही हा वेग वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवून पहाटे पाचला ट्रक किंवा रिक्षा काढणाऱ्याच्या रक्तात मद्य शिल्लक असू शकतं.

ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६मध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठी आठवड्याला १४ युनिटची मर्यादा सांगितली. तिथलं एक युनिट ८ ग्रॅमचं, म्हणजे आठवड्याचे ११२ ग्रॅम. आपल्या दोन क्वार्टरमध्ये ती मर्यादा ओलांडली जाते, आणि आठवड्याचे पाच दिवस बाकी असतात. शिवाय या मर्यादेखाली सगळं सुरक्षित, असंही नाही. मद्य कर्करोगजनक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८मध्येच नोंदवलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, एवढ्या ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. तंबाखू सोबत असेल तर तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केलं. तिच्याच अहवालानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यामुळं झाले.

म्हणून पारंपरिक, नैसर्गिक, गावठी, मोसमी, हातानं गाळलेली या विशेषणांना माझ्या शास्त्रात जागा नाही. उर्राकमधला मद्यार्क आणि स्ट्राँग बिअरमधला मद्यार्क हा एकच रेणू आहे. बोंडू हातानं वेचले म्हणून यकृत सवलत देत नाही. जो पीत नाही, त्यानं सुरू करावं असं एकही वैद्यकीय कारण नाही. हृदयाला बरी असते म्हणून घेतो, ही पळवाट आता बंद समजावी.

आपलं शहर या विषयापासून दूर नाही. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत देशभर जाणारी बिअर तयार होते. २०१६च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी जात असताना मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं दिला होता. तेव्हा चौकाचौकात चर्चा झाली ती किती लिटर पाणी बिअरला जातं याची. ते योग्यच होतं. पण किती ग्रॅम मद्यार्क आपल्या पोटात जातो, याची चर्चा कुठल्याही चौकात झालेली मला आठवत नाही.

उघडं म्हणजे सुरक्षित नव्हे

यावर वाचक म्हणतील, डॉक्टर गोव्याच्या प्रेमात पडलेले दिसतात. म्हणून दुसरी बाजू सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी मद्य घेणाऱ्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे १४ टक्के होतं, गोव्यात सुमारे ३७ टक्के. दारू सहज आणि उघडपणे मिळाली की पिणारे वाढतात. गोव्यातल्या वॉर्डातही जलोदर झालेले, डोळे पिवळे पडलेले रुग्ण असतात. त्या बाकड्यावरच्या दोन निवृत्त माणसांचा एक ग्लास मला दिसला. घरी गेल्यावर त्यांनी काय केलं, हे मी पाहिलेलं नाही.

आणि महाराष्ट्रातला १४चा आकडा? सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्याच्या शेजारीही कुणीतरी बसलेलं असतं. स्त्रियांचं प्रमाण आपल्याकडं अर्ध्या टक्क्याहून कमी नोंदलं गेलं. माझ्या अनुभवात पिणाऱ्या स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त लपवतात आणि जास्त उशिरा येतात. एवढ्याच दारूनं त्यांच्या शरीराला इजा मात्र लवकर होते.

पण गोव्यातूनच एक चांगली बातमीही आली आहे. तिथल्या 'संगत' या संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, प्रमाणाबाहेर पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, निम्म्यांना त्यासोबत समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या गटात २६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले, समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के. २०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध नवं नव्हतं, यंत्र नव्हतं. कुणीतरी बसवून घेतलं, न रागावता आकडा विचारला आणि ऐकून घेतलं, एवढंच.

पबच्या बाजूनंही एक अभ्यास सांगितला जातो. ऑक्सफर्डचे प्राध्यापक रॉबिन डनबार यांना २०१६मध्ये आढळलं, की ज्यांचा गल्लीतला नेहमीचा पब ठरलेला असतो त्यांना जवळचे मित्र जास्त असतात आणि ते अधिक समाधानी असतात. हा अभ्यास 'कॅमरा' या बिअरप्रेमींच्याच संघटनेनं करवून घेतला होता, हे लक्षात ठेवून तो वाचावा. शिवाय मित्र असलेली माणसं पबात जातात की पबात गेल्यानं मित्र होतात, हे त्यातून ठरत नाही. माझ्या मते त्या माणसांना जे मिळतं ते ग्लासातून नाही, बाकड्यावरून मिळतं. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, नावानं हाक मारणारी चार माणसं. हे चहाच्या टपरीवर, पारावर, वाचनालयात, सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्येही मिळतं. साठीनंतर एकट्या पडलेल्या माणसाला मी हेच लिहून देतो.

चोरून पिणं, चोरून औषध

लपवण्याचं आणखी एक रूप आहे आणि ते जिवावर बेततं. 'न सांगता दारू सोडवा', 'भाजीत मिसळा, चव कळत नाही' अशा जाहिराती आपण भिंतींवर, बसथांब्यांवर पाहतो. वैतागलेल्या बायका आणि आया अशा पुड्या आणतात. त्यात नेमकं काय असतं, हे पुडीवर लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नावाचं एक औषध दारू सोडवण्यासाठी खरोखर वापरलं जातं. ते शरीरात मद्याचं विघटन अर्ध्यावर अडवतं आणि ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ साठू लागतो. त्यावर दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे माहीत आहे तो दारूला हात लावत नाही, हाच त्या औषधाचा उपयोग. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर घेतो आणि जीव धोक्यात येतो. हे औषध रुग्णाच्या संमतीनं, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. चोरून कधीही नाही.

तसंच, रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला 'आजपासून एकदम बंद' अशी शपथ घालून खोलीत कोंडू नका. तिसरी रात्र घरातही येऊ शकते. सोडायची असेल तर आधी डॉक्टरांकडं या.

एक आकडा सांगा

मग करायचं काय? पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाल, मग ते दातांचे असोत, हाडांचे असोत की डोळ्यांचे, तेव्हा तीन गोष्टी सांगा. आठवड्यातून किती दिवस, एका वेळी किती, शेवटची कधी. 'थोडी' नको, पेग किंवा क्वार्टर किंवा बाटली सांगा. मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर हे सांगणं आणखी गरजेचं. रिकाम्या पोटी दारू घेतल्यावर साखर एकदम उतरून बेशुद्ध पडलेले आणि 'दारू जास्त झाली' म्हणून रात्रभर तसेच झोपू दिलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

नातेवाइकांनो, रुग्ण दाखल होताना त्याच्यासमोर बोलता येत नसेल तर डॉक्टरांना जिन्यापाशी बोलवा. पण पहिल्या दिवशी बोलवा, तिसऱ्या रात्री नको.

तरुण डॉक्टरांनो, 'पिता का' असं विचारू नका. पडदा ओढा, सोबतच्यांना बाहेर थांबवा आणि 'किती होते?' असं विचारा. हा प्रश्न रक्तदाबासारखाच विचारायचा. त्यात आवाज चढवायचा नाही आणि हसायचंही नाही. केसपेपरवर ग्रॅम लिहा.

ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी रस्ते आहेत. शासकीय रुग्णालयांतल्या मानसोपचार विभागात उपचार होतात. पुण्यात १९८६पासून 'मुक्तांगण' काम करतं आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा अनेक शहरांत होतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. तिथं नाव सांगण्याची सक्ती नाही, पण आकडा सांगा.

आता माझा आकडा. गेल्या वर्षभरात तीन वेळा, एका वेळी ४० ग्रॅमच्या आत. शेवटची पणजीत. हे छापून आल्यावर ओपीडीत चार जण माझ्याकडं वेगळ्या नजरेनं पाहतील, हे मला माहीत आहे. आमच्या घरच्या ज्येष्ठांनाही हे आजच कळेल. चालेल. रोज सकाळी समोरच्याकडून जे मागतो ते एकदा स्वतः देऊन पाहावं, असं वाटलं.

तो फोटो अजून ग्रुपवर आहे. चौघे जण हसतोय, तिघांसमोर ग्लास आहेत आणि माझ्यासमोरची जागा रिकामी आहे. केसपेपरवरचं 'व्यसन : नाही' असंच दिसतं.